तडीपार : कुठली तडी, कुठं पार?

सोनाळ्यात कुणी तडीपार झाला की पारावर निकाल लागतोच : "गेला आता महाराष्ट्राबाहेर!" तो असतो शेजारच्या तेल्हाऱ्यात. आपलं सोनाळा बुलढाणा जिल्ह्यात, तेल्हारा अकोल्यात. आदेश नुसता बुलढाण्यापुरता असेल, तर तेल्हाऱ्याच्या बाजारात त्याला चहा प्यायला कोण अडवणार? लगतचे जिल्हेही बंद करायचे, तर तसं आदेशात लिहावं लागतं.

या 'तडी'त पुष्कळांना मार ऐकू येतो. 'तडी दिली' म्हणतो ना आपण! पण ही तडी म्हणजे काठ, संस्कृतातला तट. काम तडीस नेतो ती हीच. तिथं काठ गाठल्याचं समाधान, इथं काठ सुटल्याचं दुःख. 'हद्दपार'मधली हद्द अरबी. आणि सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात उतरलं की याच कारवाईला 'जिलाबदर' म्हणतात. 'बदर' फारसी, म्हणजे दाराबाहेर. मला हाच शब्द जास्त खरा वाटतो, कारण माणसाचं सुटतं ते दारच.

"कोर्टानं तडीपार केला" हेही बहुतेकदा चूक. ही शिक्षा नाही, प्रतिबंधक कारवाई आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली प्रस्ताव ठाण्यातून जातो, पण आदेश ठाणेदार काढत नाही; गावाकडं तो उपविभागीय किंवा जिल्हा दंडाधिकारी काढतो. त्याआधी आरोपांचं स्वरूप लेखी कळवून म्हणणं ऐकावं लागतं. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. जालन्याच्या दीपक डोंगरे यांच्यावरचा असाच पुऱ्या दोन वर्षांचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये रद्द केला. हा अपवादात्मक उपाय आहे, यानं माणूस स्वतःच्या घरात कुटुंबासोबतही राहू शकत नाही, हे न्यायालयानं तेव्हा बजावलं.

आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडं अपील करता येतं. न विचारता परतला तर मात्र दोन वर्षांपर्यंत कैद.

विचारून येता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. घरचं लग्न असो, मयत असो की सोनाजी महाराजांची यात्रा, कलम ६२ खाली अर्ज करता येतो. परवानगी देणं अधिकाऱ्याच्या हाती; मिळालीच तर ठरल्या दिवसांपुरती, अटींवर. दिवस संपले की पुन्हा तेल्हारा.