कच्चे लिंबू आणि रडीचा डाव

या व्याख्यानमालेसाठी विषय सुचवावेत असे माजी विद्यार्थ्यांना कळविले होते. आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एकीत असा प्रश्न होता: ‘मुलगा संगणकावरच्या एका खेळात महिनाभर एकाच ठिकाणी अडून बसला आहे. त्याला चीट किंवा मॉड वापर, असे सांगावे की नाही?’ मराठीच्या निवृत्त प्राध्यापकापुढे हा प्रश्न यावा याचे काहींना हसू येईल. मला आले नाही. अडलेल्याला केव्हा आणि कितपत मदत करावी हा शिक्षकी पेशातला सर्वांत जुना प्रश्न आहे, आणि ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो त्यांच्यापुढे तर तो रोज उभा राहत असे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. ‘चीट’ या इंग्रजी शब्दाला फसवणुकीचा वास आहे. परंतु या वस्तूचा सर्वांत प्रसिद्ध नमुना फसवणुकीतून जन्मलेला नाही. कोनामी या जपानी कंपनीचा ‘ग्रॅडियस’ हा खेळ १९८६ मध्ये घरगुती यंत्रासाठी बाजारात आला. तो त्या यंत्रावर उतरविण्याचे काम काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे होते. खेळ तपासायचा तर शेवटपर्यंत खेळणे भाग; आणि खेळ एवढा अवघड, की तो घडविणाऱ्यालाच पार करता येईना. तेव्हा त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी कळींचा एक क्रम आत ठेवला: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, मग बी, मग ए. एवढे दाबले की यानाला जवळपास सारी आयुधे मिळत. तो क्रम खेळात तसाच राहिला. पुढे १९८८ च्या ‘काँट्रा’मध्ये त्याच क्रमाने तीनऐवजी तीस जीव मिळू लागले, आणि जगभरच्या मुलांना तो पाठ झाला. हाशिमोतो २०२० मध्ये निवर्तले. चीट ही मुळात गवंड्याने कामासाठी बांधलेली परांची होती, हे त्यांच्या या उदाहरणावरून ध्यानात यावे.

१९९३ च्या ‘डूम’ या खेळात ‘आयडीडीक्यूडी’ ही अक्षरे टंकली की खेळाडूला इजाच होत नसे. आपल्याकडे या शतकाच्या आरंभी सायबर कॅफेत वेळ घालविलेल्या पिढीला ‘हेसोयाम’ हा शब्द सांगावा लागणार नाही. ‘जीटीए सान अँड्रियास’मध्ये तो टंकला की प्रकृती ठणठणीत, अंगावर चिलखत आणि खिशात अडीच लाख डॉलर! त्या शब्दाला अर्थ काय, असे मी एका तरुणाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, अर्थ नाही, फळ आहे.’ मंत्राची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

मॉड ही याहून निराळी वस्तू. मूळ खेळात त्रयस्थाने केलेला फेरफार म्हणजे मॉड. पोथ्यांच्या अभ्यासकाला ‘प्रक्षेप’ हा शब्द परिचित आहे. मॉड हा राजरोस प्रक्षेप होय. सारेच मॉड खेळ सोपा करण्यासाठी नसतात. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा विख्यात खेळ १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळाचा मॉड म्हणूनच जन्मला, आणि पुढल्याच वर्षी मूळ खेळाच्या कंपनीने तो स्वतंत्रपणे विकावयास आणला.

आता मूळ प्रश्न. त्याच्या उत्तराचे शब्द आपल्या अंगणात पूर्वीपासूनच आहेत. लपंडाव असो, लगोरी असो वा शिवाशिवी, धाकटे भावंड खेळायला आले की मोठी मुले त्याला ‘कच्चे लिंबू’ करीत. ते पळे, लपे, ओरडे. परंतु बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नसे. याला कुणी लबाडी म्हणत नसे, कारण ते सर्वांना आधी सांगितलेले असे. याउलट बाद झाल्यावर ‘मी नव्हतोच तयार’ म्हणून भांडणारा भिडू ‘रडीचा डाव’ खेळतो असे आपण म्हणत आलो. सवलत दोघांनाही मिळते. पहिल्याची जाहीर आणि सर्वमान्य असते. दुसरा ती डाव उलटल्यावर, दुसऱ्याच्या पदरचे घेऊन मिळवितो. खेळातील नीतीविषयी एवढी सूक्ष्म जाण आमच्या परकऱ्या पोरींना होती, आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेली नव्हती.

ही कसोटी लावली की अर्धा प्रश्न मिटतो. जेथे समोर दुसरा माणूस खेळतो आहे तेथे, त्याच्या संमतीवाचून, चीट सुचवूच नये. भिंतीपलीकडचे दाखविणारी किंवा नेम आपोआप धरणारी आज्ञावली वापरणे हा शुद्ध रडीचा डाव आहे. २०१८ मध्ये शांघाय येथे झालेल्या काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धेत एका भारतीय संघातील खेळाडूच्या संगणकावर अशी आज्ञावली सापडली. संघ बाद झाला आणि मोडलाही. एकाच्या चोरीने बाकीच्या चौघांची मेहनत वाया गेली. या भागावर मी अधिक बोलत नाही, कारण येथे मतभेदाला फारशी जागा नाही.

एकट्याने खेळावयाच्या खेळाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ‘गेम जिनी’ नावाचे उपकरण १९९० च्या सुमारास निघाले. खेळाची डबी आणि यंत्र यांच्यामध्ये ते बसविले की जीव वाढविता येत, उडी उंच करता येई. निन्टेन्डो कंपनीने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. परंतु १९९२ मध्ये अपील न्यायालयानेही निकाल उपकरण विकणाऱ्या गलूब कंपनीच्या बाजूने दिला. विकत घेतलेला खेळ घरी निराळ्या रीतीने खेळल्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, असा त्याचा मथितार्थ. कादंबरीचे शेवटचे पान आधी वाचणाऱ्यावर लेखकाला दावा लावता येत नाही, तसेच हे.

पण कायद्याने चालते म्हणून सुचवावे असे होत नाही. खरा आक्षेप रसिकांचा आहे. २०१९ मध्ये ‘सेकिरो’ हा जपानी खेळ आला. त्यात काठिण्य कमी करण्याची सोयच ठेवलेली नाही. शंभरदा मरावे, शत्रूच्या तलवारीची लय अंगात मुरवावी आणि एकशे एकाव्या वेळी जिंकावे, हाच त्याचा रस. त्याची गती मंदावणारे मॉड लोकांनी वापरले तेव्हा मोठा वाद माजला. असे जिंकणाऱ्याने स्वतःलाच फसविले, असे अनेकांनी सुनावले.

हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मूळ रचनेत कुणाची भर राहू नये म्हणूनच. रचनाकाराच्या हेतूचा मान राखणे हा आमच्या शास्त्राचा पाया आहे. परंतु त्याच ज्ञानेश्वरीच्या सार्थ प्रती घरोघरी आहेत, आणि त्या नसत्या तर ती ओवी आज किती जणांपर्यंत पोहोचली असती? सार्थ प्रत मूळ संहितेला धक्का लावीत नाही. ती वाचकाच्या मांडीवर राहते. एकट्याच्या संगणकावरील मॉडही त्याच्यापुरताच असतो. मी विद्यार्थ्यांना सार्थ प्रत कधी वर्ज्य केली नाही. ओवी आधी दोनदा मोठ्याने वाचा, मग खाली पाहा, एवढेच सांगत असे.

क्रम महत्त्वाचा, तो यासाठी. अडलेल्याला काही सुचविण्याआधी तो कुठे अडला आहे हे विचारले पाहिजे. नियमच समजला नसेल तर एक इशारा पुरतो. तेथे चीट देणे म्हणजे गणित न समजलेल्याला गाइडातले उत्तर देणे. समजले आहे पण हात चालत नाही, अशाची गोष्ट निराळी. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पन्नाशीत पक्षाघात झाला. उजव्या हाताची बोटे आता सावकाश वळतात. त्याच्या मुलाने खेळाची गती कमी करणारा मॉड बसविला, आणि रात्री जेवणानंतर बापलेक अर्धा तास एकत्र बसतात. या गृहस्थाला ‘सराव कर’ असे सांगणाऱ्याला मी रसिक म्हणणार नाही.

तिसरा प्रकार फार नाजूक आहे: जो अडला आहे पण त्याला अडण्यातच गोडी आहे. बाहेरून तो चिडलेला दिसतो, आदळआपट करतो, आणि पुन्हा बसतो. चिठ्ठीतला मुलगा महिनाभर तेथेच आहे. त्याने खेळ सोडलेला नाही, हे मला सर्वांत बोलके वाटते. त्याला चीट आपणहून सांगू नये. अशी सोय असते एवढे त्याच्या कानावर असू द्यावे, आणि त्याने मागितली तर कपाळाला आठी न घालता द्यावी. तो नको म्हणाला तर विषय तेथेच सोडावा.

सुदैवाने खेळ घडविणारेच आता कच्च्या लिंबासाठी जागा ठेवू लागले आहेत. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये मॅडलिन नावाची मुलगी एक पर्वत चढते. खेळ कठीण, पण त्यात साहाय्याची वेगळी सोय आहे. गती शंभर टक्क्यांवरून दहादहाने पन्नासपर्यंत उतरविता येते, दम न संपण्याची सोय निराळी, अपघाताने न मरण्याची निराळी. जेथे दुखते तेवढ्यालाच औषध. तेथे प्रथम ‘पहिल्यांदा ही सोय न वापरता खेळावे’ अशी शिफारस लिहिलेली होती. २०१९ मध्ये तो मजकूर बदलून अधिक सौम्य केला गेला. शिक्षकांनी या दुरुस्तीचा विचार करावा. मदत देताना नाक मुरडले की ती घेणारा निम्मा खचतो. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात अशा साठाहून अधिक सोयी होत्या, आणि दृष्टिहीन खेळाडूंनीही तो खेळ पूर्ण केला.

तेव्हा सुचवावयाचेच झाले तर आधी इशारा, मग खेळात मुळातच असलेली सोय, ती नसेल तर एकच अडचण कमी करणारा मॉड, आणि अगदी शेवटी अमरत्व देणारी चीट. मॉड अनोळखी ठिकाणाहून उतरवू नये. त्याच्या पोटात संगणकाची माहिती चोरणारे विषाणू येतात. बसविण्यापूर्वी खेळाची साठवलेली प्रगती दुसरीकडे उतरवून ठेवावी, कारण काही मॉड काढल्यावर ती पुन्हा उघडत नाही. आणि खेळाला इतरांबरोबर खेळण्याचा विभाग असेल तर तेथे जाण्यापूर्वी मॉड पूर्णपणे काढावा. यंत्राला कच्चे लिंबू कळत नाही. ते खाते बंद करून मोकळे होते.