परसबागेतील सॅलड

सॅलड अथवा लेट्यूस ही थंड हवेची पालेभाजी असून तिची पाने न शिजविता खाल्ली जातात. परसबागेत तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असा एक वाफा तिला पुरेसा होतो.

महाराष्ट्राच्या पठारी भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर रोपे टाकावीत. सर्व बी एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरावे. ‘ग्रेट लेक्स’ ही गड्डा धरणारी जात आहे. ‘चायनीज यलो’ सुट्या पानांची. गड्डा भरण्यास दीर्घ थंडी लागते. ती सर्वत्र लाभत नाही. म्हणून घरगुती लागवडीस सुट्या पानांची जातच बरी.

बी उगवले नाही, अशी तक्रार ऑक्टोबरच्या उन्हात वारंवार ऐकू येते व दोष बियाणे विकणाऱ्यावर जातो. वास्तविक जमिनीचे तपमान ३० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की हे बी निद्रिस्त होते. ते ओल्या फडक्यात बांधून दोन रात्री शीतकपाटात ठेवावे, सायंकाळी पेरावे व वाफ्यावर सावली धरावी. उगवणीस उजेडही लागतो. सबब बियांवर चाळलेल्या खताचा केवळ पातळ थर द्यावा. चार-पाच पाने आलेली रोपे ३० सेंटीमीटर अंतराने लावावीत.

येथवरच्या चुकीने फार तर वाफा वाया जातो. पाण्यातील चुकीने मात्र घरातील माणसे आजारी पडतात. मोरीचे सांडपाणी परसातील केळीला देण्याची रीत चांगली आहे. पण सॅलडची पाने जमिनीला टेकलेली व चुणीदार असतात आणि ती कच्ची खावयाची असतात. त्या चुण्यांत जंतांची अंडी, हगवणीचे व विषमज्वराचे जंतू राहू शकतात. म्हणून या वाफ्यास विहिरीचे किंवा नळाचे स्वच्छ पाणीच द्यावे. शेणखत पूर्ण कुजलेले व लागवडीपूर्वीच मिसळलेले असावे. उभ्या पिकात ताजे शेण अथवा शेणकाला मुळीच घालू नये. मावा दिसल्यास पाण्याच्या धारेने धुऊन काढावा. विषारी औषध फवारू नये. खाण्यापूर्वी प्रत्येक पान सुटे करून धुवावे. परसबाग दाखविताना ग्रामसेवकांनी ही गोष्ट गृहिणींना प्रत्यक्ष करून दाखवावी.

लागणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी बाहेरची पाने सकाळी खुडावीत. फेब्रुवारीत ऊन तापू लागले म्हणजे, कांद्याला डेंगळे यावेत तसा, मधला दांडा उंच वाढतो, चीक दाट होतो व पाने कडू लागतात. अशी झाडे उपटून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावीत आणि वाफा भेंडी किंवा गवारीसाठी मोकळा करावा.