नत्राचा घरचा हिशेब

रोपवाटिकेत निंबोळी पेंडीची किलोची पिशवी ५० रुपयांना मिळते असं धरा. तिच्यात नत्र असतं ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५० ग्रॅम. एक ग्रॅम नत्र एक रुपयाला पडलं. १५ रुपये किलोचं गांडूळखत त्याहून स्वस्त वाटतं, पण त्यात नत्र साधारण दीड टक्का, म्हणजे तिथेही ग्रॅमला तोच रुपया. शेतीसाठी अनुदानित दरानं मिळणाऱ्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीला २६७ रुपयेही लागत नाहीत आणि तिच्यात ४६ टक्के नत्र असतं. तिथे ग्रॅमला सव्वा पैसा पडतो. गांडूळखत मातीला भुसभुशीतपणा देतं, तिच्यातले जीव जगवतं. ते जरूर घ्यावं. पण फक्त पानं पिवळी पडली म्हणून पोत्यामागून पोती आणणं मला पटत नाही.

मुळात बागेला लागतं किती? खादाड पिकाला हेक्टरी २०० किलो नत्र धरलं, तर चौरस मीटरला २० ग्रॅम होतात. फूटभर रुंदीच्या कुंडीला अख्ख्या हंगामात जेमतेम दीड ग्रॅम. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या गच्चीवरच्या बागेला २०० ग्रॅमच्या थोडं वर.

नत्र तर हवेतच ७८ टक्के आहे. अडचण अशी की त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते फोडता येत नाहीत. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत ही जोडी फोडून अमोनिया बनवला, १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला, आणि आजचा युरिया त्याच वाटेनं येतो. हेच काम वाल-चवळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू काहीही आवाज न करता, साध्या मातीच्या उबेत करतात. चवळीचं रोप हलक्या हातानं उपटून एखादी गाठ नखानं फोडून पाहा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

मात्र ‘कडधान्य लावलं की माती सुपीक होते’ हे अर्धंच खरं आहे. शेंगा भरायला लागल्या की झाड बरंचसं नत्र दाण्यांत नेऊन ठेवतं, आणि दाणे आपण खातो. मातीसाठी पीक घ्यायचं असेल तर ते फुलावर येताच जमिनीलगत कापावं, पाला तिथेच पसरावा, मुळं आत राहू द्यावीत. ताग आणि धैंचा शेतकरी पेरणीनंतर दीडेक महिन्यात गाडतात ते यासाठीच. कुंडीवाल्यांना तागाचं बी शोधत फिरायची गरज नाही. डब्याच्या तळाशी राहिलेले जुने मूग किंवा मटकी दाट पेरली तरी चालते.

कोकणात कुंपणाला, बांधावर गिरीपुष्प असतं. बरेच जण त्याला उंदीरमारी म्हणतात. हे मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड पावसात नुसती फांदी खोचली तरी जगतं, कितीही छाटलं तरी पुन्हा फुटतं, आणि त्याच्या सुकलेल्या पाल्यात ३ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. १० किलो ओला पाला नारळाच्या आळ्यात टाकला की साठ-सत्तर ग्रॅम नत्र पोहोचलं. तो कुजायलाही फार दिवस घेत नाही. अंगण असलेल्यांनी एक तरी फांदी लावावीच.

शहरात लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत. तिथली शेंगदाण्याची पेंड गुरांसाठी विकली जाते आणि तिच्यात ७ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. हा आकडा कुठून आला ते कळलं की स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू जोखता येते. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं, म्हणून प्रथिनांच्या टक्क्यांना सव्वासहानं भागायचं. पेंडीत ४५ टक्के प्रथिनं, म्हणजे ७ टक्के नत्र. टोके पडलेल्या डाळीत, जाळी धरलेल्या बेसनात साडेतीन टक्के. दुधात अर्धा टक्का, आणि तांदळाच्या धुवणात जवळजवळ काहीच नाही. न्हाव्याकडचे केस जवळजवळ निव्वळ प्रथिन, पण ते कुजायला फार वेळ लागतो. पेंड कुंडीत वरवर टाकली तर मुंग्या आणि उंदीर येतात. मूठभर पेंड तीन-चार दिवस पाण्यात भिजवून, दहापट पाणी घालून ओतावी. वास येतो, त्याला इलाज नाही.

आता सगळ्यात स्वस्त नत्राकडे येऊ. त्याबद्दल बोलायला लोक संकोचतात. माणसाच्या लघवीतून वर्षाला, आहारातल्या प्रथिनांप्रमाणे, दोन ते चार किलो नत्र बाहेर पडतं. वर काढलेली गच्चीची हंगामाची गरज घरातल्या एका माणसाच्या महिनाभराच्या लघवीत जवळपास भागते! गोमूत्राला आपण मान देतो, मग इथे नाक मुरडण्याचं कारण नाही. एका भागात दहा भाग पाणी घालून, मोठ्या कुंडीला एका वेळी अर्धा लिटर, तेही पानांवर न उडवता मातीत. हंगामात पाच वेळा पुरे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. घरच्या बागेसाठी मुख्य पथ्य असं, की तोडणीआधी महिनाभर हे देणं थांबवावं. कोथिंबीर-मेथीसारख्या थोड्या दिवसांच्या, कच्च्या खायच्या भाज्यांना ते देऊच नये. औषधं चालू असलेल्या माणसाची लघवी वापरू नये. शिवाय तिच्यात मीठ असतं, ते कुंडीत साठतं. म्हणून अधूनमधून साधं पाणी तळातून वाहेपर्यंत घालावं.

ज्यांना हे नकोच वाटतं त्यांनी ती वाळल्या पाल्याच्या ढिगावर ओतावी. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कार्बन हवा असतो. वाळल्या पाल्यात कार्बनच फार, भुशात तर विचारूच नका. नत्र कमी पडलं की हे जिवाणू ते मातीतून ओढून घेतात. अर्धा कच्चा पाला भरलेल्या कुंडीतली झाडं पिवळी राहतात ती त्यामुळे. ढिगाला अमोनियाचा झणझणीत वास आला तर नत्र हवेत उडून चाललंय असं समजून वर आणखी पाला किंवा माती टाकावी.

युरियाला विष म्हणणाऱ्यांतली मी नाही. फूटभर कुंडीला हंगामात ३ ग्रॅम, तेही एकेक ग्रॅम तीनदा पाण्यात विरघळवून दिला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते चमच्याचा अंदाज चुकल्यावर. मुळं करपतात.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’नं शेती-बागेकडे स्वतः मोजून, करून पाहण्याची दृष्टी अनेक घरांत नेली. त्याच दृष्टीनं आत्ता, दिवाळीच्या सुमारास, कुंड्यांकडे पाहायला हवं. चार महिन्यांच्या पावसानं नत्र धुऊन गेलेलं असतं. आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून कोवळ्या शेंड्याला देतं. शेंडाच पिवळा आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे. तिथे नत्र ओतून काही होणार नाही. पालक, मेथी, वांगी, टोमॅटो लावताना पहिला हप्ता थोडा द्यावा, दुसरा तीन आठवड्यांनी. टोमॅटोची पानं गडद हिरवी आणि मऊ झाली, कोवळ्या शेंड्यांवर मावा बसू लागला आणि फुलं दिसेनाशी झाली, की नत्र जास्त झालं. मग पुढचे हप्ते बंद करून महिनाभर नुसतं पाणी द्यावं.