मैया सगळं देते, नावेचं भाडं सोडून

नर्मदा परिक्रमेला खर्च किती येतो, हे विचारणारे दोन प्रकारचे. एकाने ऐकलेलं असतं की खिशात दमडी नको, मैया सगळं देते. दुसऱ्याच्या हातात यात्रा कंपनीचं पत्रक असतं, आणि बसने पंधरा-वीस दिवसांना एवढे लागतात तर पायी पाच महिन्यांना किती, असा हिशेब मांडून तो घरीच बसलेला असतो. चुकतात दोघंही. पहिल्याची चूक गोड आहे, एवढंच.

आधी अंतर. नर्मदा 1,312 किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही काठ मिळून 2,624. पण नदी उजव्या हाताला ठेवून अगदी पाण्याच्या कडेने चालत जाता येईल, हा नकाशा पाहून होणारा भ्रम. सरदार सरोवर, पुनासाचं इंदिरासागर, जबलपूरजवळचं बर्गी या जलाशयांनी जुन्या पायवाटा गिळल्या. तिथे वळसे घालावे लागतात आणि काही टप्प्यांत दिवसभर नदीचं दर्शनही होत नाही. म्हणूनच दोन परिक्रमावासींचे किलोमीटर कधी जुळत नाहीत.

आता जेवण. ते फुकट असतं, हे अर्धं खरं. काठावर सदाव्रताची परंपरा जुनी आहे: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा मिळायचा, आपण तीन दगड मांडून शिजवायचं. आता बहुतेक आश्रमांत तयार भोजनप्रसादी मिळते. निमाडातल्या गावात संध्याकाळी ‘नर्मदे हर’ म्हणत शिरलात, तर उलट प्रश्न येतो, ‘कितनी मूर्ती?’ माणसं किती, तर तेवढ्या पोळ्या. इथली मोजणीही मूर्तींत होते, माणसांत नाही. पण हे अन्न कुणीतरी विकत घेतलेलं किंवा शेतात पिकवलेलं असतं. कधी मोठ्या आश्रमाचं, कधी दोन खोल्यांच्या घरातलं. तुम्हाला ते फुकट पडतं, त्या घराला पडत नाही. दोघं-तिघं असाल तर सहज भागतं. पंचवीस जणांचा जथा अवेळी दारात उभा राहिला की त्या घरातल्या बाईची काय अवस्था होते, ते तिच्या चेहऱ्यावरच वाचावं. ‘बजेट परिक्रमा’ म्हणून मोठा गट जमवणाऱ्यांनी तर नक्कीच वाचावं.

पैसे जवळ ठेवले तर परिक्रमा बाटते, हा आणखी एक समज. पैशाला न शिवण्याचं व्रत काही जण घेतात, तो त्यांचा संकल्प. सर्वांना लागू असलेला मुख्य नियम वेगळाच: नर्मदा ओलांडायची नाही. उपनद्या चालतात, ती नाही. ओंकारेश्वरला दक्षिण तटावरून परिक्रमा उचललीत, तर मधल्या मांधाता बेटावरच्या ज्योतिर्लिंगालाही परिक्रमा पुरी होईपर्यंत जाता येत नाही, कारण बेटावर जायचं म्हणजे धार ओलांडणं आलं. हा नियम पाळायला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते मुखाशी. गुजरातेत हांसोटच्या पुढे विमलेश्वर किंवा कतपोरला काठ संपतो, आणि समुद्रातून पलीकडे दहेजजवळच्या मीठी तलाईला नावेने जावं लागतं. ती भरतीच्या वेळेवर सुटते आणि तिला भाडं असतं. याशिवाय एक जोडा अडीच हजार किलोमीटर टिकत नाही, टाचेच्या फोडाला मलमपट्टी लागते, मोबाइलला रिचार्ज लागतं, आणि तब्येत बिघडून अर्ध्यातून परतायची वेळ आली तर तिकिटाचे पैसे. ते कनवटीला बांधूनच ठेवावेत, नोटांच्या रूपात. डोंगरात रेंज नसते, तिथे फोनमधला पैसा कामाचा नाही.

‘शूलपाणीच्या झाडीत लुटतात, मग न्यायचं तरी कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. जुन्या प्रवासवर्णनांत या जंगलात भिल्लांनी लुटून लंगोटीवर सोडल्याचे प्रसंग आहेत. त्या लोकांना परिक्रमावासी ‘मामा’ म्हणतात, आणि लूट ही मैयानेच घेतलेली परीक्षा मानायची रीत होती. आज त्याच पट्ट्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतही, परिक्रमावासींना जेवण आणि मुक्काम मिळतो. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा जो थोडा काठ आला आहे, तो हाच. धरणाच्या पाण्याखाली इथल्याच लोकांची शेतं आणि गावं गेली. तरीही शहरातला माणूस लुटारूंचा विषय आधी काढतो, याची मला गंमत वाटत नाही.

आता मुदत. परंपरेने परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची; चातुर्मासात एका जागी थांबायचं. एवढं परवडायचं कुणाला? बहुतेक जण चातुर्मास संपल्यावर, कार्तिकात निघून साधारण पाच महिन्यांत पुरी करतात. पण ती एका दमातच झाली पाहिजे असं नाही. जबलपूरचे चित्रकार-शिक्षक अमृतलाल वेगड 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, निघाले आणि सुट्टी मिळेल तशी तुकड्यातुकड्याने चालत राहिले. नोकरदारासाठी ही खंड परिक्रमा सर्वांत स्वस्त, कारण खरा मोठा खर्च वाटेवर होतच नाही. तो घरी होतो: पाच महिन्यांचा बुडालेला पगार, चालू असलेलं भाडं, कर्जाचे हप्ते, म्हाताऱ्या आईजवळ कोण राहणार. जेवणाचा हिशेब मांडणारे हा रकाना मोकळाच सोडतात. तेवढीही रजा नसेल तर चैत्रात गुजरातेत तिलकवाड्याजवळ, नदी जिथे उत्तरेकडे वळते, त्या पट्ट्यातली उत्तरवाहिनी परिक्रमा एका दिवसात होते. तिथे मात्र नदी ओलांडायचीच असते.

सामानाबद्दल थोडक्यात. ट्रेकिंगच्या दुकानातून महागडी पाठपिशवी घेतलीच पाहिजे असं नाही. घरातली चालते, फक्त हलकी भरावी. पांघरूण मात्र टाळू नका, पौषात काठावरची थंडी बोचते आणि प्रत्येक आश्रमात जादा घोंगडी असेलच असं नाही. कार्तिकात निघालेल्याचा शेवटचा टप्पा चैत्र-वैशाखाच्या उन्हात सापडतो. तेव्हा तेच पांघरूण कुणाला तरी देऊन टाकावं, ओझं कमी.

शेवटचा खर्च संकल्पपूर्तीचा. सोबत आणलेलं मैयाचं जल ओंकारेश्वरला वाहायचं, कढाई करायची, म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य, आणि कन्यांना जेवू घालायचं. शिरा किती रव्याचा, कन्या नऊ की एकच, याला दरपत्रक नाही. खिशात उरलेलं मोजायचं आणि किराणा दुकानात जायचं.