जुनी, वेगवान आणि खिशाला झेपणारी : हौसेच्या गाडीचा खरा हिशेब

समुद्रपूर (प्रतिनिधी) : स्पोर्ट्‌स कार म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती दोन आसनांची, उघड्या छताची, तांबड्या रंगाची परदेशी गाडी. ती पाहायची चित्रपटात किंवा दिनदर्शिकेवर. समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावात हौस असणाऱ्याची स्थिती वेगळी असते. कापसाचे चुकारे हाती आलेले असतात किंवा नोकरीच्या पहिल्या तीन-चार वर्षांची बचत साठलेली असते. घरच्यांची समजूत कशीबशी घातलेली असते आणि एकूण पुंजी असते दीड-दोन लाखांची. एवढ्या पैशात मनाजोगती नवी गाडी येत नाही, पण जुनी मात्र येऊ शकते. प्रश्न असतो तो ती आल्यानंतर काय होते याचा. अशा व्यवहारात फसगत होते ती बहुधा इंजिनामुळे नव्हे, तर कुजलेला पत्रा आणि अपुरी कागदपत्रे यांमुळे.

परदेशी गाडीचा विचार प्रारंभीच बाजूला ठेवलेला बरा. भारताच्या आयात धोरणानुसार वापरलेली मोटार उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी असल्यास ती सर्वसाधारणपणे आणता येत नाही. अतिजुन्या, संग्राह्य गाड्यांना सवलत आहे. पण सीमाशुल्काचा आकडा सामान्य माणसाच्या आवाक्यातला नाही. सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारीला शुल्कमाफी देण्याचा विषय २००३ मध्ये न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. म्हणजे निवड करायची ती येथेच बनलेल्या गाड्यांतून, आणि ही यादी वाटते तितकी दरिद्री नाही.

निखळ स्पोर्ट्‌स कार म्हणावी अशी भारतीय गाडी म्हणजे बंगळूरच्या सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’. दोन आसने, उघडता येणारे छत, फायबरग्लासची काया आणि रेनॉच्या क्लिओ मोटारीतले ११४९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन. फायबरग्लास असल्याने वरच्या कायेला गंज चढत नाही, ही जमेची बाजू. परंतु या गाड्या संख्येने इतक्या थोड्या निघाल्या, की समोरची काच किंवा दिव्याची चौकट फुटली तर गाडी महिनोन्‌महिने घरी उभी राहू शकते. ज्याच्याजवळ रोजच्या वापराची दुसरी गाडी नाही, त्याने या मोहात पडू नये.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सची ‘हेरल्ड’ ही दुसरी गाडी. १९६१ पासून बनलेली ही मोटार म्हणजे इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड. आज जगभर संग्राहक जिच्यामागे धावतात त्या ट्रायम्फ स्पिटफायरचा सांगाडा याच कुळातला. तिचे बॉनेट मडगार्डसह पुढच्या बाजूला उलटते आणि सारे इंजिन उघडे पडते. घरच्या घरी पाना-पेंचिस चालवणाऱ्याला याहून सोयीची रचना मिळणार नाही. मात्र तिची चासी वेगळी आणि लोखंडी असते. ती गंजली असेल तर वरचे झळाळते रंगकाम व्यर्थ होय.

यानंतर येते ती तरुणांच्या मनात आजही घर करून असलेली ‘काँटेसा’. हिंदुस्थान मोटर्सने ही लांबरुंद गाडी १९८४ मध्ये आणली आणि २००२ पर्यंत बनवली. मूळ इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीची. प्रारंभी तिला अ‍ॅम्बॅसडरचेच १४८९ सीसीचे इंजिन होते आणि त्या अवजड देहाला ते पुरत नव्हते. पुढे इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन व पाच गिअर आले तेव्हा तिला खरा जीव आला. काँटेसा घ्यायची तर इसुझूचीच घ्यावी. पण ती पेट्रोल पिते, हे विसरू नये. मुंबईच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सची ‘११८ एनई’ त्या मानाने दुर्लक्षित राहिली आहे. फियाट १२४ चा सांगाडा आणि निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन अशी ही जोडी. मागची चाके ओढणारी, हलकी आणि दुरुस्तीस सोपी. चाहत्यांचे लक्ष अजून तिच्याकडे फारसे गेलेले नाही, ही खरेदीदाराच्या दृष्टीने इष्टापत्तीच म्हणायची.

थोड्या अलीकडच्या काळात यायचे तर फियाटची ‘पॅलिओ १.६’ आहे. २००१ मध्ये आलेली ही गाडी सुमारे १०० अश्वशक्तीची. त्या काळच्या छोट्या गाड्यांत तो आकडा थक्क करणारा होता. तेंडुलकरची स्वाक्षरी मिरवणारी तिची ‘एस १०’ ही मर्यादित आवृत्तीही निघाली होती. फियाटने येथील मोटारविक्री गुंडाळल्यामुळे तिचे सुटे भाग आता शोधावे लागतात. राहता राहिली मारुतीची ‘झेन’. १९९३ ची ही छोटी गाडी कोणी क्लासिक म्हणत नाही, परंतु तिचे ९९३ सीसीचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन उंच फेऱ्यांवर जसे मोकळे धावते, तसे त्या वर्गात दुसरे नव्हते. तिच्या तीन दारांच्या ‘कार्बन’ व ‘स्टील’ या मर्यादित आवृत्त्या २००३ मध्ये निघाल्या. त्या मिळाल्या तर उत्तमच, पण साधी झेनही पुरेशी आहे. ज्याची पुंजी दोन लाखांची आहे आणि ज्याचा मेकॅनिक हिंगणघाटला आहे, त्याच्यासाठी झेन हेच शहाणपणाचे उत्तर ठरते. काँटेसाचा रुबाब तिच्यात नाही, हे खरे. पण तिचा क्लच किंवा ब्रेकचे भाग आणायला मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही.

पत्रा आधी, इंजिन नंतर

इंजिन किती लाख चालले, हे विचारून खरेदीदार समाधान पावतो. वास्तविक इंजिन उतरवून त्याचे काम करता येते. त्याचा खर्च आधी विचारता येतो आणि तो एकदाच होतो. गंजलेल्या पत्र्याचे तसे नाही. दार उघडून दाखवलेला एक इंच गंज आत हातभर पसरलेला असू शकतो आणि वेल्डिंगला बसल्यावरच त्याचा थांग लागतो.

येथे विदर्भातील खरेदीदाराला एक नैसर्गिक लाभ आहे. मुंबई, कोकण, गोवा या किनारपट्टीवरील गाडी खारट हवेत जगलेली असते. वर्धा-नागपूर पट्ट्यातील कोरड्या हवेतील गाडीचा पत्रा तुलनेने निरोगी राहतो. उलट इथल्या उन्हाने रबर आणि प्लॅस्टिक मरते. दारांची रबरे तडकतात, डॅशबोर्डला भेगा पडतात, पाइप कडक होतात. पण हे सारे बदलता येते. म्हणूनच जवळपासच्या जिल्ह्यातली, एकाच कुटुंबाकडे राहिलेली, रंग उडालेली गाडी ही मुंबईहून आलेल्या चकचकीत गाडीपेक्षा बहुतेक वेळा सरस निघते.

पाहणी दिवसाउजेडी करावी आणि गाडी धुतलेली नसावी. खिशात साधे लोहचुंबक असू द्यावे. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या जागा आणि शॉकअपचा वरचा भाग जेथे बसतो ती जागा, येथे ते टेकवून पाहावे. चिकटले नाही तर आत पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. पायाखालच्या मॅट उचलून जमीन दाबून पाहावी. डिकीतील स्टेपनीची खाचही पाहावी. पावसाचे पाणी सर्वांत आधी तेथेच साचते.

इंजिन मात्र थंड असतानाच सुरू करायला लावावे. विक्रेत्याने गाडी ‘आधीच गरम करून’ ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जावे. सुरू करताना किंवा चढणीवर निळा धूर निघाला तर इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता असते आणि मग खर्च मोठा असतो. टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून हुरळून जाऊ नये. टायरच्या बाजूवर चार आकडी क्रमांक असतो; पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे टायर नवे दिसले तरी दगडासारखे झालेले असतात.

वैशाखाची परीक्षा आणि नवे पेट्रोल

पारा ४५ अंशांपुढे जातो अशा प्रदेशात जुन्या गाडीची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोल नळीतच तापून त्याची वाफ होते आणि पंप ते ओढू शकत नाही; गाडी भर रस्त्यात बंद पडते. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडर चालवलेल्या जुन्या चालकांना पेट्रोल पंपावर ओले फडके टाकण्याचा उपाय ठाऊक असतो. फडके हा तात्पुरता इलाज झाला. रेडिएटरची जाळी साफ करून घेणे, पंखा व थर्मोस्टॅट तपासणे आणि पेट्रोलची नळी इंजिनाच्या उष्णतेपासून दूर बांधणे हा कायमचा. ज्याला शक्य असेल त्याने गाडी एप्रिल-मे महिन्यांत, दुपारच्या वेळी चालवून पाहावी.

दुसरी अडचण अलीकडची आहे. देशभरात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाते. या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या व गॅसकेट फुगतात अथवा ठिसूळ होतात. ते हवेतील ओलावा शोषत असल्याने उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही अशा मिश्रणासाठी न बनलेल्या चारचाकींच्या मायलेजमध्ये सहा ते सात टक्के घट होईल, असे नमूद करण्यात आले होते. यावर उपाय असा की, गाडी घेतल्याबरोबर इंधनाच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या बसवून घ्याव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. हा खर्च मोठा नाही, पण टाळला तर नळी गळून आग लागण्याचा धोका असतो.

कागद नसेल तर गाडी नाही

खासगी मोटारीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी १०,००० रुपये करण्यात आले. वर उल्लेखिलेल्या साऱ्याच गाड्या या वर्गात मोडतात किंवा मोडणार आहेत. राज्याचा पर्यावरण कर आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट यांचा खर्च निराळा. विम्यातही इंजिनाचा आकार पाहिला जातो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा होता. त्यावर कर वेगळा. झेन आणि इसुझू काँटेसा यांतील फरक येथेच दिसून येतो.

५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. तिचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अशी गाडी रोज बाजारहाटाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणायची असते. जुनी हेरल्ड त्यात बसेल. काँटेसाला मात्र किमान २०३४ उजाडावे लागेल.

समुद्रपूर तालुक्यातील जाम चौरस्त्यावरून उत्तर-दक्षिण महामार्ग जातो आणि दिल्लीकडच्या स्वस्त गाड्यांचा मोहही त्याच वाटेने येतो. राजधानी क्षेत्रात १५ वर्षांवरील पेट्रोल व १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने आणलेल्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. पुढे त्यात फेरफार झाले. पण तेथील मालक जुनी गाडी पडत्या भावात विकतो, हे चित्र कायम आहे. अशी गाडी घेताना मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. बाहेरच्या राज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर महाराष्ट्राचा कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. हे सारे धरले तर दिल्लीचा ‘स्वस्त’ सौदा वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात येईपर्यंत बराच महागलेला असतो.

गाडी जिल्ह्यातीलच असेल तर काम सोपे आहे. नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या, कर्ज असल्यास बँकेने ते फिटल्याचा दिलेला नमुना ३५ आणि चालू विमा एवढे लागते. तथापि एक तपासणी खरेदीदाराने स्वतःच करावी. नोंदणी पुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अंक-अंक जुळवून पाहावेत. पूर्वी अनेक काँटेसा व पद्मिनींमध्ये डिझेल इंजिने किंवा गॅस किट बसवण्यात आली. इंजिन बदललेले आणि पुस्तकात जुनेच, अशी गाडी नूतनीकरणाच्या तपासणीत अडकते. अपघात झाल्यास विमा कंपनीलाही दावा नाकारण्यास कारण मिळते. ‘कागद नंतर करून देतो’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पुंजी दोन लाखांची असेल तर गाडीसाठी एक लाख, फार तर एक लाख दहा हजार रुपये मोजावेत. उरलेल्या रकमेतून पहिल्या तीन महिन्यांत टायर, ब्रेक, नळ्या, रेडिएटर, बॅटरी आणि शासकीय शुल्क एवढे निभावते. रंगकाम शेवटी. गाडी शोधायच्या आधी मेकॅनिक शोधावा, कारण समुद्रपूर-हिंगणघाटच्या गॅरेजांत ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांची वर्दळ असते; कार्ब्युरेटर कानाने जुळवणारे हात थोडे राहिले आहेत आणि ते बहुधा साठीच्या पुढचे आहेत. अशा मिस्त्रीला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन गाडी पाहायला सोबत न्यावे. तो नको म्हणाला, तर तेथून परतावे आणि पुढची गाडी पाहायला त्यालाच पुन्हा घेऊन जावे.