गाडीखालचा काळा डाग

सकाळी गाडी पार्किंगमधून बाहेर काढली आणि सहज मागे वळून पाहिले, तर फरशीवर बशीएवढा काळा डाग! गाडी घेऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. ‘‘अहो, घेताना तर इंजिन कसं आरशासारखं चकचकीत होतं!’’ बायकोचे हे वाक्य नवऱ्याला झोंबते, पण खरे उत्तर त्यातच असते. इंजिन चकचकीत होते, कारण विकण्यापूर्वी ते धुतलेले होते. गळती बंद झालेली नव्हती, फक्त तिच्या खुणा पुसल्या होत्या.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव या पट्ट्यात जुन्या गाडीवर संसार चालवणारी कितीतरी कुटुंबे आहेत. बदली होऊन आलेले मराठी कुटुंबही दोन-तीन वर्षांसाठी नवी गाडी घेण्यापेक्षा करोलबागच्या बाजारातून नाहीतर ओळखीतून एखादी जुनी आल्टो घेणे पसंत करते. मारुती ८०० ची विक्री २०१० साली दिल्लीत थांबली, पण तिच्यासारखेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आल्टोने पुढे चालवले. साधे, आटोपशीर इंजिन आहे. थोडी हिंमत असेल, तर त्याची किरकोळ ऑईल गळती घरी थांबवता येते.

पण आधी तो डाग ऑईलचाच आहे का, ते पाहावे. मे-जूनमध्ये एसी लावून आलेल्या गाडीखाली पाणी ठिबकते, ते पाहूनही नवे मालक घाबरतात. रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा स्वच्छ पुठ्ठा पसरावा. सकाळी स्वच्छ पाणी दिसले, तर तो एसीचा प्रसाद. हिरवट किंवा लालसर, गोडसर वासाचे पाणी म्हणजे रेडिएटरचे कूलण्ट. चाकाजवळ पातळ, तेलकट ओल असेल, तर ब्रेक ऑईलची शंका घ्यावी आणि गाडी हलवू नये, मेकॅनिकलाच घरी बोलवावे. तपकिरी-काळा, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग बहुधा इंजिन ऑईलचा असतो.

आता डिपस्टिक. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. या छोट्या इंजिनात सारे मिळून तीन लिटरच्या आसपास ऑईल मावते. त्यातले लिटरभर गेले, म्हणजे एक तृतीयांश भांडवल संपले. इथे एक गैरसमज फार महागात पडतो. ‘ऑईल कमी झालं तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागेलच की,’ असे अनेकांना वाटते. तो दिवा ऑईलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो, तेव्हा ऑईल इंजिनच्या भागांपर्यंत नीट पोहोचतच नसते. रिंग रोडवर तो लागला, तर पुढच्या पंपापर्यंत जाण्याचा मोह टाळावा, गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करावे. जाम झालेले इंजिन दुरुस्त करायला जुन्या गाडीच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो.

गळते कुठे, दिसते कुठे

गल्लीतला मेकॅनिक खाली वाकून पाहतो आणि निकाल देतो, ‘‘चेंबर की पॅकिंग गई, साहब. इंजन खुलेगा.’’ सगळेच असे नसतात, पण चेंबर ओला दिसला म्हणजे गळती तिथलीच, असे मानणे चूक आहे. ऑईल वरून खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरते. म्हणून ओल्या भागाचा सर्वात वरचा आणि पुढचा बिंदू शोधायचा असतो.

त्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना वायरिंग आणि एअर फिल्टर प्लास्टिकने झाकून, डिग्रीझर आणि जुन्या ब्रशने इंजिन स्वच्छ करावे आणि वाळू द्यावे. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी. होय, तीच, बाळाच्या डब्यातली. आठ-दहा किलोमीटर फिरून आल्यावर पांढऱ्या पावडरीवर ऑईलची काळी वाट उमटते. तिचा उगम जिथे, तिथे गळती.

पुष्कळदा हा उगम अगदी वर, टॅपेट कव्हरच्या कडेला सापडतो. तिथले रबरी पॅकिंग इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षे भाजत असते, त्यात दिल्लीचा ४५ अंशांचा उन्हाळा. रबर दगडासारखे कडक होते आणि मग सील करत नाही. ऑईल फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तरी गळती लागते. ऑईल काढण्याच्या बोल्टचा वॉशर झिजणे हेही नेहमीचेच दुखणे.

पॅकिंग विकत आणायला धावण्यापूर्वी मात्र एक तपासणी करावीच. बरेच जण ती करत नाहीत आणि महिन्याभराने पुन्हा कपाळाला हात लावतात. इंजिनमध्ये साचणारा वायू बाहेर खेचण्यासाठी टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरकडे किंवा मॅनिफोल्डकडे रबरी नळी जाते, तिच्या वाटेवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. ही वाट काजळीने तुंबली, की आतला दाब वाढतो आणि ऑईल सर्वात कमजोर पॅकिंगमधून बाहेर ढकलले जाते. तुम्ही कितीही नवे पॅकिंग घाला, दाब दुसरी फट शोधतो. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवून पाहावा. आत खुळखुळ वाजली नाही, तर तो बहुधा चिकटला आहे, बदलून टाकावा. नळी साफ असूनही, चालू इंजिनवर ऑईलचे झाकण सैल करताच भकाभका धूर येत असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्या असण्याची शक्यता मोठी. तो घरचा उद्योग नव्हे.

सुट्टीच्या सकाळचे काम

पॅकिंग काश्मिरी गेटच्या मोटर पार्ट्सच्या बाजारात मिळते. तिथे हुबेहूब दिसणारा नकली मालही असतो, म्हणून जुना तुकडा सोबत न्यावा आणि पक्के बिल मागावे. मायापुरीत जुने सुटे भाग स्वस्त मिळतात, पण पॅकिंग कधीही वापरलेले घेऊ नये.

रात्रभर थंड झालेल्या इंजिनवरच काम करावे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी आणि प्रत्येक नळी-वायर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. हे काम घरातल्या कॉलेजकुमाराकडे सोपवायला हरकत नाही. बोल्ट काढल्यावर कव्हर चिकटून बसले असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर घुसवून उचकटू नये. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उठला, की नवी गळती जन्माला आलीच. लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकावे. दोन्ही कडा पुसून कोरड्या कराव्यात, आत कचऱ्याचा कणही पडू देऊ नये. नवे पॅकिंग खाचेत नीट बसवावे.

सिलिकॉनची ट्यूब भरभरून लावण्याची आपल्याकडे भारी हौस. जास्तीचे सिलिकॉन तुटून आत पडते आणि चेंबरमधल्या जाळीत अडकून ऑईलचीच वाट बंद करते. कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांवर थेंबभर पुरे. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळावेत. ‘अजून एक पीळ’ देण्याच्या नादात आटे जातात, मग पॅकिंगचा खर्च बाजूलाच राहतो.

चेंबरखाली जायचे असेल, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. विटाही नकोत, त्या फुटतात. मजबूत स्टॅण्ड नसतील, तर ते काम गॅरेजलाच द्यावे. जळक्या ऑईलचा वास येत असेल, म्हणजे ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडते आहे. तिथे आगीचा धोका असतो, तेव्हा दुरुस्ती रविवारपर्यंत टाळू नये.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधले मागचे ऑईल सील गेले असेल, तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी मोठी असते, म्हणून आधी आरसी काढून गाडीचे वय पाहावे. राजधानी परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारणे सुरू झाले, काही दिवसांतच ते थांबवले गेले आणि पुढे न्यायालयाचे आदेशही बदलत गेले. त्यामुळे ताजा नियम परिवहन खात्याकडून समजून घेतल्याशिवाय म्हाताऱ्या गाडीवर मोठी रक्कम घालू नये.

काढलेले काळे ऑईल मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. वापरलेले ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात भरून ते अधिकृत संकलन होत असलेल्या गॅरेजला द्यावे. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा रात्रभर दाबून ठेवावा, मग कपड्यांच्या साबणाने घासावे. सोसायटीच्या चौकीदाराची कुरकूर तेवढ्याने थांबते.

आणि पुठ्ठा फेकू नये. आठवडाभर रोज रात्री तो गाडीखाली सरकवावा. किलोमीटरचा आकडा आणि डिपस्टिकवरची पातळी दर रविवारी किराणा हिशेबाच्या वहीतच शेवटच्या पानावर लिहून ठेवावी.