बाळाचं औषध मापानं

समजा, घरात लहान पोर तापानं फणफणलं आहे. मागं बापाला ताप आला होता. त्याच्या उरलेल्या गोळ्या फळीवर आहेत. आजी म्हणते, "हीच गोळी कुटून द्या. ताप तो तापच!"

थांबा! इथंच घात होतो.

ताप सारखा, पण अंग सारखं नाही. बापाचं वजन 60 किलो, पोराचं 10 किलो. पॅरासिटामॉलची मोठ्यांची गोळी बहुधा 500 मिलिग्रॅमची असते. 10 किलोच्या पोराला एका वेळी 100 ते 150 मिलिग्रॅम पुरे. अख्खी गोळी तिपटीहून जास्त झाली. असं वरचेवर दिलं, तर पोराचं यकृत बिघडतं. जिवावर बेततं.

म्हणून दवाखान्यात नर्सबाई पोराला आधी काट्यावर ठेवतात.

आजी विचारते, "बाई, ताप आलाय, वजन कशाला?"

"आजी, वजनावरून तर औषधाचं माप ठरतं."

मग पोर शांत असताना त्या घड्याळ लावून पुरा एक मिनिट श्वास मोजतात. मोठा माणूस स्वस्थ बसला, तर मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. लहान मुलाचा श्वास मुळातच जलद. पण खोकला आहे, आणि दोन महिन्यांच्या पुढच्या, वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास 50 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40 ची खूण धरतात.

बाई विचारतात, "आधी काय औषध दिलंत?" खरं सांगा. लपवलं, तर तेच औषध दुबार पडतं.

आता तुमचं काम. तुम्ही वाचायला शिकलात ना? मग बाटली वाचा. पातळ औषधाच्या दोन बाटल्या दिसायला सारख्या असतात. पण एकीच्या 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीच्या 250. मुदतीची तारीखही बघा. घरचा चमचा लहानमोठा असतो. बाटलीबरोबरच्या मापानंच औषध द्या.

पोर पीत नाही, सगळं ओकतं, झटके येतात, गुंगीत पडतं, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो, तर घरी थांबू नका. दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, तरी तडक दवाखाना गाठा.

औषध तेच तारतं, तेच मारतं. फरक मापाचा!